नीतिसूत्रांचा रोज एक अध्याय आणि घरातली चार माणसं एका जागी: तुमच्याकडे कसं जमतं?

जेलरोडकरीण | १२ जून, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचं माहेर नाशिकरोडचं, मराठी ख्रिस्ती. पप्पा प्रेसमध्ये होते. (बाहेरगावच्यांसाठी: नोटांचा छापखाना असो की तिकिटांचा, आमच्याकडे दोन्हींना नुसतं 'प्रेस'च म्हणतात.) घरात एक रिवाज होता. रात्रीची जेवणं झाली, ताटं मोरीत गेली, की मम्मी पदराला हात पुसत यायची आणि पप्पा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचे. 'नीतिसूत्रे' या पुस्तकाचे अध्याय ३१. ज्या तारखेला जो येईल तो. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या रात्री दोन. सगळं मिळून पंधरा मिनिटं. त्यातलं अर्धं शास्त्र आणि अर्धं आमचं घर. पंधराव्या अध्यायात एक वचन आहे. वैर असलेल्या घरात पोसलेल्या बैलाची मेजवानी मिळण्यापेक्षा प्रेमानं वाढलेली भाजी बरी, असा त्याचा अर्थ. ते आलं की पप्पा आमच्याकडे बघून म्हणायचे, "आज शेपू होती, तरीसुद्धा." दर महिन्याला तेच वाक्य, आणि दर महिन्याला आम्ही भावंडं हसायचो.

पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं पेन्सिलीच्या खुणांचं पुस्तक माझ्याकडे आलं. १ जूनला ठरवलं, आपणही सुरू करायचं. मी, नवरा, मुलगा सोळा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. अकरा दिवस निभावलं. आज बारावा अध्याय होता. अविचारानं बोलणाऱ्याचे शब्द तलवारीसारखे भोसकतात, हे त्यातलं अठरावं वचन मी मोठ्यानं वाचलं. मुलगा म्हणाला, "मम्मी, हे शाळेसारखं वाटतं." मी ताडकन म्हणाले, "तू आजवर माझी एक तरी गोष्ट ऐकली आहेस का?" वचन वाचून एक मिनिटही झालं नव्हतं. तो उठून आत गेला. अजून दार बंद आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घरातल्यांना एका जागी बसवणं तुम्हाला कसं जमतं? आणि अशी जुनी वचनं, कुठल्याही धर्माची असोत, रोजच्या जगण्यात खरंच हाताला लागतात का?

---

गंगापूररोड_सकाळ | १२ जून, रात्री ११:२०

आमच्याकडे चौघं एकत्र येतात ते वायफाय बंद पडल्यावर. पण येतात तेव्हा मजा येते. दार उघडलं की कळवा.

---

निफाडचा_बागायतदार | १३ जून, सकाळी ५:५०

राम राम ताई. आम्ही माळकरी, पण आमच्या शाळेतले एक सर ख्रिस्ती होते. ते द्राक्षाच्या वेलीचा दाखला सांगायचे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, मी खरा द्राक्षवेल आणि माझा पिता माळी. जो फाटा फळ देतो त्याला माळी छाटतो, म्हणजे तो आणखी फळ देईल. बागायतदाराच्या पोराला हे दोनदा सांगावं लागत नाही.

वेळेचं म्हणाल तर ऑक्टोबरात फळछाटणी, मग पेस्ट लावायची, फेलफुटी म्हणजे नको ती फूट काढायची, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवायचे, विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढायचे. त्यानंतर थंडी पडली की भुरी रोगाची धास्ती, माल तयार झाला की व्यापाऱ्याची वाट. एका ताटात बसून जेवायला आम्हाला सवड कुठली? माझ्या बापानं मला समोर बसवून दोन शब्द सांगितल्याचं आठवत नाही. पण विरळणीला वेलीच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी. हात चालू, नजर घडावर. तोंडं एकमेकांकडं नसली की माणूस बोलतो. शिक्षण, कर्ज, आजीचं आजारपण, माझ्या लग्नाचं, सगळं त्या मांडवाखाली ठरलं.

अजून एक. आत्ता जूनमधे बाग नुसती हिरवी दिसते, फळाचा पत्ता नसतो. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ज्या काड्या फुटतात त्यांच्या डोळ्यात याच दिवसांत घड धरतो. वरून काही दिसत नाही. ऑक्टोबरात छाटल्यावर काडी फुटते आणि घड बाहेर पडतो, तेव्हा कळतं जूनमधे काय झालं होतं. तुमचे अकरा दिवस वाया गेले असं मला तरी वाटत नाही.

---

तर्कट | १३ जून, सकाळी ९:४०

विरोधी सूर लावतोय, राग मानू नका. नीतिसूत्रांवर नाव शलमोन राजाचं. त्याच शास्त्रात, '१ राजे' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात, त्याच्या सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी सांगितल्यात. त्याचा बाप दावीद. दावीदाचा एक मुलगा अबशालोम बापावरच सैन्य घेऊन आला. दुसरा अदोनीया. त्याच्याबद्दल लिहिलंय की बापानं त्याला उभ्या आयुष्यात "तू असं का केलंस?" म्हणून कधी विचारलंच नाही. कुटुंबाला वेळ कसा द्यावा हे या घराण्याकडून शिकायचं?

---

शरणपूर_जुने | १३ जून, सकाळी ११:१५

तर्कट, तुम्ही वाचून बोलताय याचा आनंद वाटला.

एक तर ते सगळं पुस्तक शलमोनाचं नाही. पंचविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की ही वचनं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून काढली. तिसावा अध्याय आगूर नावाच्या माणसाचा आहे. एकतिसावा लमुएल राजाचा, आणि तो तर त्याच्या आईनं त्याला शिकवलेला. बाविसाव्या अध्यायाच्या उत्तरार्धापासून पुढचा बराच भाग आमेनेमोपे या प्राचीन इजिप्तमधल्या लेखकाच्या उपदेशाशी जुळतो, असं अभ्यासक दाखवून देतात. म्हणजे हे अनेक घरांतून, अनेक देशांतून गोळा झालेलं शहाणपण आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांना जसा एक कर्ता नसतो, तसंच.

दुसरं, तुम्ही ज्या चुका मोजल्यात त्या शास्त्रानं लपवलेल्या नाहीत. अदोनीयाबद्दलचं ते वाक्य मी माझ्या मुलीला दोनदा वाचून दाखवलंय. बाप राजा होता, कवी होता, युद्धं जिंकणारा होता. पण मुलाला एक प्रश्न विचारायला त्याला वेळ झाला नाही. मला तर तीच शिकवण वाटते.

---

मधली_सुट्टी | १३ जून, दुपारी २:०५

आज १३ तारीख, म्हणजे जेलरोडकरीण यांच्याकडे तेरावा अध्याय. त्यातलं चोविसावं वचन मला पाठ आहे. जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो. आमच्या घरी आधी हे वचन म्हटलं जायचं आणि मग पट्टा निघायचा. मी चाळिशी ओलांडलीय. कुणी शास्त्र उघडलं की अजून पोटात गोळा येतो. माझ्या मुलांना मी चर्चमध्ये नेते, पण घरी ते पुस्तक उघडत नाही. कुटुंबाचा वेळ म्हटलं की सगळ्यांना सुगंधच आठवत नाही, एवढंच सांगायचं होतं.

---

शरणपूर_जुने | १३ जून, दुपारी ३:३०

ताई, वाचून गलबलून आलं. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या ज्या काठीनं धीर येतो म्हटलंय, तिथे आणि या वचनात मूळ हिब्रू शब्द एकच आहे. मेंढपाळ ती काठी मेंढरांना वळवायला, लांडग्याला हाकलायला वापरतो. नव्या करारात पौलही बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका.

---

मधली_सुट्टी | १३ जून, दुपारी ३:४५

काका, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण हिब्रू शब्द समजल्यानं पाठीवरचे वळ जात नाहीत.

---

शरणपूर_जुने | १३ जून, दुपारी ३:५२

खरं आहे. मी आधी ऐकायला हवं होतं. क्षमा करा.

---

जेलरोडकरीण | १३ जून, रात्री १०:३०

मधली_सुट्टी, तुमचा प्रतिसाद दुपारपासून डोक्यातून गेला नाही. एक सांगते. १३ तारखेला पप्पा त्या वचनाशी थांबायचे. म्हणायचे, "माझ्या वडिलांनी हे फार पाळलं. मी पाळणार नाही." आणि पुढचं वचन घ्यायचे. लहानपणी त्याचा अर्थ लागला नव्हता. आज पुस्तक उघडून बघितलं तर त्या ओळीच्या बाजूला पेन्सिलीनं एक छोटी फुली आहे. बाकी पुस्तकभर बरोबरच्या खुणा आहेत. फुली तेवढी एकच सापडली.

दार सकाळी उघडलं. चहा घेतला, बोलला नाही. आज वाचन केलं नाही.

---

सेकंड_शिफ्ट | १४ जून, रात्री १२:५०

आत्ता घरी पोहोचलो. अंबडला कंपनीत आहे, तीन पाळ्या फिरत्या. आम्हाला रात्रीचं जेवण एकत्र हे पंधरा-पंधरा दिवस शक्य होत नाही. आधी फार वाईट वाटायचं. मग बायकोनं एक मार्ग काढला. थर्ड शिफ्ट असली की मी सकाळी आल्याबरोबर झोपत नाही. मुलीला शाळेत सोडतो. पाथर्डी फाट्यापासून शाळा गाडीवर बारा मिनिटं. ती मागे बसून बडबडत असते, मी ऐकत असतो. हेल्मेटमुळे अर्धं ऐकू येत नाही, मग ती माझ्या पाठीवर बोटानं लिहून सांगते. झोप तासभर कमी होते. चालतं.

---

शरणपूर_जुने | १४ जून, सकाळी ८:१०

सेकंड_शिफ्ट, तुमची बारा मिनिटं थेट शास्त्रात आहेत. 'अनुवाद' नावाचं पुस्तक, ६:७. मोशे म्हणतो, ही वचनं मुलांना शिकवा; घरी बसलेले असता, वाटेनं चालत असता, निजताना, उठताना. ताट, चटई, ठरलेली वेळ, यातलं काहीच त्यानं सांगितलं नाही. बागायतदारांचा मांडव आणि तुमची गाडी, दोन्ही त्या 'वाटेनं चालत असता'मध्ये बसतात.

---

दुर्गाबागेजवळ | १४ जून, सकाळी ९:००

अवांतर, पण राहवत नाही. नीतिसूत्रे २७:१४ वाचा मंडळी. जो पहाटेस उठून मोठ्यानं आपल्या मित्राला आशीर्वाद देतो, त्याचा तो आशीर्वाद शाप गणला जाईल! आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात मोठे काका पहाटे साडेचारला गुलाबाचं फूल आणि 'शुभ प्रभात' टाकतात. तीन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी हाच त्रास होता हे वाचून मला एकदम आपलेपणा वाटला.

---

गंगापूररोड_सकाळ | १४ जून, सकाळी ९:०४

हाहाहा. हे वचन फ्रेम करून द्या. पण काकांना पाठवू नका, त्यांचं फूल ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी आपणच फोन करू.

---

दोन_दिवे | १४ जून, दुपारी १:२०

आमचं मिश्र घर आहे. मी पंचवटीतली, ब्राह्मण घरातली. नवरा ख्रिस्ती. आधी चार वर्षं दोन्ही घरांशी बोलणं नव्हतं. मुलगा झाल्यावर सुरू झालं. आता सासूबाई आमच्याकडे असतात. दिवेलागणीला मी 'शुभं करोति' म्हणते, मुलगा म्हणतो, आणि लगेच सासूबाई प्रार्थना घेतात, तीही तो म्हणतो. कधी कधी आधी प्रार्थना आणि मग 'शुभं करोति'. क्रमावरून आमच्यात एकदाही वाद झाला नाही. उदबत्तीच्या धुरावरून मात्र झालाय, त्यांना दमा आहे.

सासूबाईंनीच मला रूथची गोष्ट सांगितली. "तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव" हे वाक्य लोक लग्नात नवरा-बायकोच्या संदर्भात वापरतात, पण शास्त्रात ते एका विधवा सुनेनं सासूला, नामीला, म्हटलेलं आहे. सासूबाई म्हणाल्या, "मी तुझ्याकडून तसं काही मागत नाही. तू तुझ्या देवाशी राहा. फक्त मला सोडून जाऊ नकोस." भाजी निवडत होतो आम्ही. गवार होती. इतकी साधी वेळ होती की मी उत्तरसुद्धा दिलं नाही, नुसती शेंग मोडत राहिले.

---

शरणपूर_जुने | १४ जून, दुपारी ४:४०

दोन_दिवे, तुमच्या गावाशी याचा जुना धागा जुळतो. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या सोबत गेल्या नाहीत, काही वर्षं ताटातूट झाली. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधीच दोघं पुन्हा एका घरात राहू लागले होते. मला यात नेहमी एक गोष्ट मोठी वाटते. श्रद्धा एक व्हायच्या आधी चूल एक झाली होती.

---

ओट्यामागची | १५ जून, सकाळी १०:१०

सगळं वाचतेय, आवडतंय. पण एकतिसाव्या अध्यायाबद्दल कुणी बोलणार आहे का? सद्गुणी स्त्री. ती रात्र सरायच्या आत उठते, सगळ्यांना अन्न देते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, सूत कातते, विकते, आणि रात्री तिचा दिवा विझत नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर मातृदिनाला हाच उतारा वाचतात. मी मागच्या बाकावर बसून मोजत असते की ही बाई मुलांजवळ बसली कधी?

कुटुंबाचा वेळ म्हणून जो काही असतो ना, त्याच्या आधीची कणीक आणि नंतरची भांडी कुणाची, हेही विचारा. जेलरोडकरीण, तुमची मम्मी पदराला हात पुसत यायची म्हणालात. ती यायच्या आत पहिली दोन-चार वचनं वाचून झालेली असायची का?

---

जेलरोडकरीण | १५ जून, सकाळी ११:३०

हो. असायची. हे माझ्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

---

साबाथ_मोकळा | १५ जून, दुपारी १२:४५

ओट्यामागची, तुमच्या मुद्द्याला बगल देत नाहीये, फक्त एक भर. ज्यू घरांत हा उतारा शुक्रवारी संध्याकाळी, साबाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणाआधी म्हणायची प्रथा आहे. नवरा बायकोसमोर ते गातो. बावीस ओळी, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं. म्हणजे कामांची यादी तिच्या हातात द्यायची नसते. आठवडाभर तिनं जे केलं ते घरानं मोठ्यानं म्हणून मान्य करायचं असतं. आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, त्यामुळे तीही बसते.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंना गावकरी 'शनिवार तेली' म्हणायचे, कारण ते घाण्यावर तेल गाळत, पण शनिवारी घाणा बंद. त्या काळात आठवड्यातून एक दिवस कमाई सोडायची म्हणजे सोपं नव्हतं. वेळ उरला की कुटुंबाला देऊ, असं म्हटलं तर तो कधीच उरत नाही. आधी घाणा थांबवावा लागतो.

---

ओट्यामागची | १५ जून, दुपारी १:१५

हे माहीत नव्हतं. नवऱ्यानं गाऊन दाखवायचं, हे आमच्या मंडळीत सांगून बघते. आणि भांडी?

---

सेकंड_शिफ्ट | १५ जून, दुपारी १:३०

भांडी आमच्याकडे माझ्याकडे आहेत. फर्स्ट शिफ्ट असली की रात्रीची, थर्ड असली की सकाळची. फार काही नाही त्यात, पाणी आलेलं असलं म्हणजे झालं.

---

नवीन_सिडको | १५ जून, रात्री ९:००

अवांतर प्रश्न. शरणपूर_जुने, शरणपूर रोडवरून रोज जाते. हे नाव कशावरून?

---

शरणपूर_जुने | १५ जून, रात्री १०:२५

शरण आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेली वस्ती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणून ठेवली होती. शाळा, सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते. जेकब तर शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता.

धाग्याशी संबंध म्हणाल तर, त्या लेकरांना आईबाप माहीत नव्हते. एका पंगतीत जेवणारी, एका खोलीत निजणारी, हेच त्यांचं कुटुंब. नीतिसूत्रे १७:१७ म्हणतं, मित्र सर्व वेळी प्रेम करतो आणि विपत्काळासाठी भाऊ जन्मतो. मला शरणपूर रोडवरून जाताना ते आठवतं.

---

अकरावीवाला | १६ जून, सकाळी ७:१५

मी या धाग्यावर सगळ्यात लहान असेन. घरचे इथे नाहीत म्हणून लिहितो.

जेलरोडकरीण काकू, तुमच्या मुलाला शास्त्राचा कंटाळा नसेल. मला तरी बसायचा कंटाळा नाही. पण आमच्याकडे "चल जरा बसू" म्हटलं की पुढे काय येणार ते ठरलेलं असतं. आधी पाच मिनिटं गोड, मग सीईटीचा क्लास, मग मोबाईल किती तास, मग मावशीचा मुलगा. बोलायला बोलावतात आणि ऐकवतात. तुमच्याच पुस्तकात आहे ना, मी आत्ता शोधलं, १८:१३, ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आणि लाज. हे वचन मोठ्या माणसांना वाचून दाखवायची तारीख कुठली?

आणि "शाळेसारखं वाटतं" हे त्यानं उठून न जाता म्हटलं होतं. म्हणजे तो तोवर बसलेला होता.

---

निफाडचा_बागायतदार | १६ जून, सकाळी ७:४०

पोरा, अठराव्या अध्यायाची तारीख १८. परवा आहे. मी माझ्या घरात वाचतो.

---

जेलरोडकरीण | १६ जून, दुपारी ४:००

अकरावीवाला बाळा, तुझं शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. तो तोवर बसलेला होता. बरोबर आहे.

---

दूरचा_भाऊ | १८ जून, रात्री ११:५५ (भारतीय वेळ)

मी परदेशात. आई कॉलेज रोडला एकटी. मार्चमध्ये बाथरूममध्ये पडली. फोन तिच्या हाताशी नव्हता. आवाज ऐकून शेजारच्या वहिनी आल्या, स्वतःजवळच्या चावीनं दार उघडलं, रिक्षा केली, दवाखान्यात नेलं, रात्रभर थांबल्या. मला सकाळी कळलं. नीतिसूत्रे २७:१० मध्ये लिहिलंय की दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा. म्हणून हा आयडी घेतला.

वेळ देतोच म्हणून मी रोज व्हिडिओ कॉल करायचो. पण कॉलवर आई नेहमी नीटनेटकी, केस विंचरलेली, "सगळं छान आहे" म्हणणारी. माणूस छान नसताना आपण तिथे असणं, ते त्या वहिनींच्या वाट्याला आलं. ऑक्टोबरमध्ये तीन आठवड्यांसाठी येतोय. यादी केलेली नाही. वणी नाही, त्र्यंबक नाही, नातेवाइकांच्या भेटी नाहीत. घरात आईबरोबर बसणार आहे, ती दुपारी झोपेल तेव्हा तिथेच असणार आहे.

---

दोन_दिवे | १९ जून, सकाळी १०:००

वहिनींसाठी काहीतरी आणा. आणि आईला विचारून आणा, तिला ठाऊक असेल त्यांना काय लागतं.

---

तर्कट | २० जून, रात्री ८:३०

शलमोनाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण धागा रोज वाचतोय, म्हणून लिहितो.

मला त्या शास्त्रातली एक जागा फार आवडते. ईयोबाचं सगळं गेल्यावर त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणी एक शब्द बोलत नाही. त्यांनी तोंड उघडल्यावर पुढचे कितीतरी अध्याय बिघडत जातात. पण ते सात दिवस बरोबर होते. जेलरोडकरीण, अध्याय राहिला तर राहू द्या. बसणं चालू ठेवा.

माझे वडील सातपूरला राहतात. ८१ वर्षांचे. आम्ही दोघं फार बोलणारे नाही. हल्ली रविवारी जातो, ते पेपर वाचतात, मी बसतो. मागच्या रविवारी निघताना म्हणाले, "आज लवकर निघालास." मी तीन तास बसलो होतो.

---

मधली_सुट्टी | २१ जून, सकाळी ६:३०

तर्कट, धन्यवाद. नुसतं बसणं मला जमेल असं वाटतं.

---

जेलरोडकरीण | ३० जून, रात्री ११:२०

मंडळी, तुम्हाला कळवायचं राहिलं होतं.

१७ तारखेला मुलाला क्लासवरून आणायला गेले होते. बिटको चौकात पाऊस असा आला की समोरचं दिसेना. एका बंद दुकानाच्या शटरखाली आम्ही दोघं चाळीस मिनिटं उभे. त्याच्या हाती मोबाईल नव्हता, माझा पर्समध्ये, पर्स डिकीत. मला आठवत होतं, बागायतदार भाऊंनी लिहिलेलं, तोंडं एकमेकांकडे नसली की माणूस बोलतो. आम्ही दोघं रस्त्याकडे बघत होतो. मी फक्त एवढंच विचारलं, "त्या दिवशी शाळेसारखं का वाटलं?" आणि मोठ्या कष्टानं गप्प राहिले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा वाचायचे तेव्हा ते स्वतःला सांगतायत असं वाटायचं. तू आम्हाला सांगतेस." मी काही उत्तर दिलं नाही. घरी जाईपर्यंत दोघंही चिंब. त्या दिवशी अध्याय झाला नाही.

१८ पासून आम्ही असं केलंय की वाचणारा रोज वेगळा, आणि ज्यानं वाचलं त्यानं स्वतःबद्दलच बोलायचं, दुसऱ्याबद्दल नाही. भांडी आधी, चौघांनी मिळून. (ओट्यामागची, मम्मीला फोन करून विचारलं. म्हणाली, पहिली सहा-सात वचनं तिला कधीच ऐकू आली नाहीत, ती भांड्यांच्या आवाजातच गेली.) सगळे दिवस जमलं नाही. २२ ला पाहुणे होते, २५ ला नवऱ्याला ऑफिसमध्ये उशीर झाला, २६ ला मलाच नको वाटलं.

आज ३० तारीख, म्हणजे पप्पांच्या हिशेबानं दोन अध्याय. तिसावा धाकटीनं वाचला, अडखळत. त्यात शेवटाकडे पृथ्वीवरचे चार लहान पण फार शहाणे जीव येतात. मुंगी उन्हाळ्यात अन्न साठवते, शाफान (सशाएवढा प्राणी) खडकात घर करतो, टोळांना राजा नसतो तरी ते रांगेनं चालतात, आणि पाल हातानं धरता येते तरी ती राजवाड्यात असते. पालीचं वचन आलं आणि नेमकी ट्यूबलाइटमागची पाल चुकचुकली. धाकटी किंचाळली, मुलगा खुर्चीवर चढला, नवरा झाडू घेऊन आला, आणि धाकटी रडवेली होऊन म्हणायला लागली, "तिला मारू नका, ती शहाणी आहे, पुस्तकात आहे." मुलानं झाडू काढून घेतला. मग पाल कुठे गेली ते शोधत आम्ही चौघं अर्धा तास जमिनीवर पालथे पडून कपाटाखाली बघत होतो.

एकतिसावा राहिला. नवरा म्हणाला, उद्या तो वाचणार आहे, १ तारीख असली तरी.

---

ओट्यामागची | ३० जून, रात्री ११:३१

गाऊन?

---

जेलरोडकरीण | ३० जून, रात्री ११:३४

विचारते.

---

निफाडचा_बागायतदार | १ जुलै, सकाळी ५:४५

ताई, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला आम्ही दर वर्षी नाशिकरोडला येतो, गर्दीत पोरांना पाळणे बघायचे असतात. तेव्हा माल चालू असतो. पत्ता कळवा, एक क्रेट घरी टाकून जाईन. मुलाला म्हणावं, ऑक्टोबरात छाटणीला दोन दिवस ये, कात्री माझ्याकडं आहे.